सकपाळांची बादली

आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या बिल्डिंगला लिफ्ट होती, घरोघरी पाइप होते, गटार जमिनीखाली होतं, आणि तरीही आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सकपाळ दर शुक्रवारी सकाळी फरशी पुसलेलं फिनेलचं पाणी बादलीत भरून तीन मजले जिना उतरत. मोरीत ओतायचं नाही म्हणजे नाही. बिल्डिंगच्या मागे मोकळी वाळू होती. तिथे त्यांनी एक खड्डा केला होता. त्यात पाणी बेतानं ओतायचे, वर पायाने वाळू सारायचे आणि रिकामी बादली घेऊन लिफ्टने वर यायचे. भरलेली बादली लिफ्टमधून का नेत नाही, असं मी एकदा विचारलं. "सांडली तर? लिफ्टमध्ये लहान मुलं असतात," म्हणाले.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, माणूस जरा चक्रम दिसतोय. महिनाभरात त्यातलं 'जरा' मी काढून टाकलं.

आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, बंगाली होता. तो कपाळावर हात मारून घ्यायचा. "सकपाळसाब, बाथरूम में पाइप नहीं है क्या?"

"है."

"फिर?"

"पाइप आगे किधर जाता है, मालूम है?"

"नहीं मालूम."

"वही तो," असं म्हणून सकपाळ वाळू सारायला लागायचे, जणू एक केस जिंकली.

"हे पुढे कुणाच्या तोंडात जाणार?" हे त्यांचं पालुपद. मुग्धा, म्हणजे माझी मुलगी, रंगाचे ब्रश धुवायला लागली की दारातून विचारायचे, "बाळा, हे पुढे कुणाच्या तोंडात जाणार?" माझ्या नवऱ्याने, सुधीरने, एकदा गाडीचं जुनं ऑइल पार्किंगच्या जाळीत ओतलं, तर हे गॅलरीतून असे ओरडले की सुधीरला वाटलं वरून कुणीतरी पडलं. एकदा मी तळणीचं तेल मोरीत ओतत होते आणि हे पातेलं परत द्यायला आले. वैतागून म्हटलं, "तुमच्याच तोंडात जाणार. झालं समाधान?"

"माझ्या गेलं तर चालेल हो वहिनी," म्हणाले. आता या माणसाशी भांडायचं तरी कसं?

नोकरी होती एका लँडस्केपिंग कंपनीत, फोरमनची. दुबईच्या चौकाचौकांत वाळवंटाला लाज वाटावी अशी ती जांभळी-पांढरी पेटुनियाची फुलं दिसायची ना, त्यातले काही चौक सकपाळांचे. शहराचं सांडपाणी साफ करून त्या फुलांना सोडतात. म्हणून मग बादली. "माझ्याच पोरांना मी फिनेल पाजू?" असं ते विचारायचे आणि आम्ही सगळे हसायचो. कारण पटण्यासारखं होतं. विक्षिप्त माणसाच्या विक्षिप्तपणाला एक पटेलसं कारण मिळालं की शेजारी पुढे काही विचारत नाहीत. आम्हीही नाही विचारलं. आम्हाला वेळ कुठे होता? मी एका फ्रेट ऑफिसात टायपिंग करत होते, सुधीर जबल अलीला जायचा-यायचा, आणि उरलेल्या वेळात दोघं मिळून एकमेकांना सांगायचो की अजून दोनच वर्षं, मग खलास, परत जायचं. हे आम्ही नऊ वर्षं सांगत होतो.

सकपाळ मात्र परत जाण्याबद्दल चकार शब्द काढत नसत. दर दोन वर्षांनी सुट्टी घेऊन मुंबईला बहिणीकडे जात, महिना काढत आणि परत येत. "गावाला जाऊन आलात का?" विचारलं की "मुंबईपर्यंत," एवढंच. गाव महाडच्या वरच्या अंगाला, एवढं कळलं होतं. लग्न? "राहून गेलं." आणि कोकणातला माणूस असून मासे खात नसत. आम्ही देऱ्याच्या मासळी बाजारात निघालो की आमच्या गाडीतून यायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत, उन्हात गाडीत बसून राहायचे. "माळ घातलीय का?" सुधीरने विचारलं. "छे हो. पोटाला चालत नाही." सुरमईच्या वासाने शेजारी दार लावून घेतो म्हणून मी त्यांना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्यात.

बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'बकेट अंकल' म्हणत. तोंडावर. त्यांना ते आवडायचं.

तर त्या वर्षी मुग्धा पाचवीत होती. शाळा भारतीय, पुस्तकं विलायती. त्यात एक धडा होता सॅमन माशाचा. थंड देशातली नदी, तिच्या उगमापाशी जन्मणारा मासा, तो समुद्रात जातो, मोठा होतो आणि अंडी घालायला बरोबर आपल्या जन्माच्या जागी परत येतो. मध्ये नदीकाठी शेती. शेतातली माती वाहून येते आणि अंडी गाडते, शेतकऱ्याच्या गाई काठ तुडवतात, झाडं तोडल्याने पाणी तापतं, फवारलेलं औषध नदीत उतरतं. धड्याखाली प्रोजेक्ट होता: वर्गात कोर्ट भरवा. फिर्यादी सॅमन, आरोपी शेतकरी.

आमच्याच बिल्डिंगमधली तीन पोरं त्या वर्गात, म्हणून टीचरने त्यांचा एक गट करून टाकला. मुग्धा सॅमनची वकील. वरच्या मजल्यावरच्या देसायांचा आदित्य जज्ज, कारण देसायांची काँट्रॅक्टिंगची कंपनी होती आणि त्यांच्या घरात सगळे जज्जच. आणि ग्लेन, वसईचा पोरगा, त्याचे वडील एका हॉटेलच्या किचनमध्ये होते, तो सॅमन. त्या उत्साही बापाने घरी सॅमनचं खरंखुरं मुंडकं आणलं, ते दोन दिवस फ्रीजबाहेर राहिलं, आणि ग्लेनला त्या भूमिकेतून कुणी हलवू शकलं नाही. शेतकरी व्हायला मात्र कुणी तयार नाही. "आय डोन्ट वॉन्ट टू बी द बॅड गाय," असं तिघांचंही म्हणणं.

रात्रीच्या जेवणाला मुग्धा म्हणाली, "आई, फार्मर्स आर सो मीन." तिच्या पानात वरणभात होता.  मी ठाण्याची. भात कुठून येतो ते मलाही दुकानापर्यंतच माहीत.

दारात सकपाळ उभे होते, हातात माझं पातेलं. "कोण मीन?"

मुग्धाने सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, आत आले, पुस्तक मागून घेतलं आणि खुर्चीवर बसून धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत. मग म्हणाले, "माशाला नाव आहे. सॅमी. गाईलासुद्धा नाव आहे. शेतकऱ्याला नाही."

"सो व्हॉट, अंकल?"

"ज्याला नाव नाही त्याला शिक्षा द्यायला बरं पडतं," म्हणाले. "तुमच्या प्रॅक्टिसला शेतकरी मी होतो. शाळेत कुणाला तरी उभं करा. पण आधी शेतकरी काय असतो ते बघा. मासा काय असतो तेही बघा. मग करा काय न्याय करायचा तो."

पुढच्या शुक्रवारी बादलीच्या खड्ड्याशेजारी वाळूत त्यांनी पाणी मारून चिखल केला, ज्यूसच्या नळ्यांचे गठ्ठे आणले आणि तिन्ही पोरांना ओळीत उभं केलं. ही नळी म्हणजे भाताचं रोप. वाकायचं, लावायचं, मागे सरकायचं. उठायचं नाही. ग्लेन पाच मिनिटांत कुरकुरला, "अंकल, माय बॅक इज पेनिंग."

"तुला पाठ आहे हे आज कळलं ना?" सकपाळ म्हणाले. "यल्ला, चल, पुढची ओळ."

मग त्यांनी अर्ध्या नळ्या उपटून फेकून दिल्या. पोरं ओरडली. "काय झालं? अळी आली. एका रात्रीत. आता वर्षभर खाणार काय?" आदित्य म्हणाला, "वुई कॅन ऑर्डर." सकपाळांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू हसावं का रडावं ते त्यांना कळत नव्हतं. तेवढ्यात वरून देसाईबाईंचा आवाज आला, "अहो, आम्ही पोरांना दुबईला शेती करायला नाही आणलं!" खरंच होतं ते. आम्ही पोरांना दुबईला नेमकं काय करायला आणलं, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी माशाची पाळी. जिना म्हणजे नदी. तळमजला समुद्र, गच्ची उगम. पोरांनी एका पायावर उड्या मारत वर जायचं. सॅमनला लिफ्ट नसते. पहिल्या मजल्यावर सकपाळांनी आडवी खुर्ची टाकली, ते धरण. दुसऱ्यावर ओली वाळू, ती वाहून आलेली माती. तिसऱ्यावर स्वतः उभे राहिले, हातात खिडकी पुसायचा स्प्रे, आत साधं पाणी. ग्लेन घामाघूम होऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला, यांनी स्प्रे उडवला आणि तो खरोखरच रडवेला झाला. "अंकल, आय वॉज ऑलमोस्ट होम!"

"हो ना रे," सकपाळ म्हणाले. स्प्रे खाली ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बराच वेळ तिथेच पायरीवर बसले.

ते 'सालमन' म्हणायचे. मुग्धा दुरुस्त करायची, "अंकल, एल सायलेंट आहे."

"मासा मरताना बोलत नाही, तू एलचं काय घेऊन बसलीस?"

तिसऱ्या शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये रंगीत तालीम ठरली. आईबाप सोफ्यावर. मी बटाटेवडे केले होते, देसाईबाईंनी ढोकळा आणला होता. ग्लेनला चंदेरी फॉइलचे खवले चिकटवलेले. आदित्यच्या अंगावर आईचा काळा झगा. आणि आरोपी म्हणून सकपाळ आले ते कडक इस्त्रीचा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि डोक्याला पांढरा टॉवेल बांधून. सगळे हसले. तेही हसले. शेतकऱ्याचा बचाव त्यांनीच पोरांबरोबर बसून कागदावर लिहिला होता. शेतकरी सगळ्यांना जेवू घालतो, अळी आली तर त्याची पोरं उपाशी राहतात, औषध देणाऱ्याने त्याला धोका सांगितला नाही, आणि नदीचं पुढे काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. चांगला बचाव होता. मला मनातून वाटत होतं, सुटतो बहुतेक.

मुग्धा उभी राहिली. तिने एकेक प्रश्न विचारला, सकपाळांनी कागदावरची इंग्रजी उत्तरं दिली, चुकत, पण खणखणीत. शेवटचा प्रश्न होता, "मिस्टर फार्मर, डिड यू नो देअर वेअर फिश इन द वॉटर?"

कागदावर उत्तर होतं, नो माय लॉर्ड.

सकपाळ बोलेनात. मला वाटलं विसरले. मी सोफ्यावरून हळूच सांगितलं, "नो म्हणा, नो." त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला आणि त्याची घडी घातली.

"माहीत होतं," ते म्हणाले.

"इंग्लिश प्लीज," आदित्य म्हणाला.

"माहीत होतं, माय लॉर्ड."

आणि मग मराठीतच बोलायला लागले, जज्जकडे बघून. आम्ही सोफ्यावर आहोत हे विसरले असावेत.

त्यांच्या गावाखाली नदीत एक कोंड आहे, म्हणजे खोल डोह. त्यातले मासे देवीचे. कुणी धरायचे नाहीत, खायचे नाहीत. बायका लाह्या टाकतात, मासे हातातून घेतात. पोराएवढाले मासे. हे बावीस वर्षांचे होते, शेतीचा डिप्लोमा केलेले गावातले पहिलेच. त्या वर्षी भाद्रपदात भातावर लष्करी अळी आली. गाव देवीला कौल लावत बसलं. यांनी तालुक्याहून औषध आणि पितळी पंप आणला आणि फवारलं. सगळ्या शिवारात एक यांचं शेत वाचलं. तालुक्याला प्रगतिशील शेतकरी म्हणून सत्कार ठरला. दुपारची एसटी होती.

"आईनं सांगितलं होतं, पंप बांधावर धू. खड्डा कर, त्यात ओत, वर माती सार. पण खड्डा करायचा म्हणजे वेळ जाणार. एसटी चुकली असती. ओढा समोर होता. मी ओढ्यात धुतला. ओढा कुठे जातो, ते मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी ते हार आणि प्रशस्तिपत्रक घेऊन परतले, तर सगळं गाव कोंडीवर. मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. बापयांनी आपली धोतरं फाडली, मासे त्यात गुंडाळले आणि माणसं पुरतात तसे पुरले. यांच्या वडिलांनी डोकं भादरलं.

 मुग्धा वकिलाच्या तोऱ्यातच उभी होती. तिला थांबायचं कळत नव्हतं, मुलांना कळत नाहीच. "देन? डिड दे कॅच यू?"

"नाही."

"व्हाय नॉट?"

"त्यांनी दुसऱ्याला धरलं." कोंडीच्या खालच्या अंगाला काळू कातकऱ्याची झोपडी होती. कातकरी मासे-खेकड्यांवर पोट भरणारे. झाडाची फळं ठेचून डबक्यात टाकतात, माशांना गुंगी येते, मग धरतात. देवीच्या कोंडीला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. पण गावाला कुणीतरी हवाच होता. "काळूला मारलं. झोपडी मोडली. बायकापोरांसकट नदीकाठावरून हाकलला. मी तिथंच होतो, माय लॉर्ड. हार गळ्यातच होता. काळू माझ्याकडेच बघत होता, कारण मी शिकलेला. त्याला वाटलं असणार, हा तरी सांगेल."

"अँड यू डिडन्ट टेल?"

"नाही."

"एव्हर?"

"आता सांगतोय ना तुला."

आदित्यने वडलांकडे बघितलं. देसाई ढोकळ्याकडे बघत होते. शेवटी आदित्य जज्जपण विसरून बारीक आवाजात म्हणाला, "सो... गिल्टी?"

मुग्धाने विचार केला. अकरा वर्षांची पोर, पण कपाळाला आठी घालून असा विचार केला की मला माझी सासू आठवली. "माय लॉर्ड," ती म्हणाली, "द फार्मर इज नॉट गिल्टी. ही वॉज सेव्हिंग द राइस." मग सकपाळांकडे वळून, अगदी सावकाश, "बट अंकल इज. फॉर द अदर मॅन."

मी "मुग्धा!" म्हणून ओरडले. सकपाळांनी हात वर करून मला गप्प केलं. "बरोबर आहे. पुढे? शिक्षा?"

उत्तर ग्लेनने दिलं, खवले सावरत. सॅमन तो होता, फिर्याद त्याची होती. "ही शुड स्विम बॅक. ही शुड गो होम अँड टेल."

"लिहून दे," सकपाळ मुग्धाला म्हणाले. तिने वहीचं पान फाडून मार्करने निकाल लिहिला. तिघांनी सह्या केल्या. ग्लेनने नावापुढे मासा काढला. सकपाळांनी कागदाची घडी करून खिशात घातली, पँट सरळ केली आणि गेले. देसाई म्हणाले, "चला, वडे गार होतायत." आम्ही वडे खाल्ले. हो, खाल्ले. खोटं कशाला सांगू?

आणि मी तरी कोण लागून गेले? पुढचे पंधरा दिवस मी सकपाळांची चाहूल लागली की दार उघडायचं टाळत असे. ते बादली घेऊन तीन मजले उतरताना कडीचा आवाज यायचा आणि मी गॅसवर उगाच काहीतरी ढवळत बसायची. आता त्या बादलीला हसता येत नव्हतं, त्याचाच मला राग आला होता. शाळेत शेतकरी म्हणून दुसऱ्याच एका मुलाला उभं केलं. त्याने खणखणीत 'नो माय लॉर्ड' म्हटलं. शेतकरी सुटला, टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीस मिळालं.

एप्रिलच्या शेवटी सकपाळांनी रजा टाकली. आमच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, गावाला जातोय." मुंबईला म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "जा हो, जाऊन या." लाडू द्यावेत असंही सुचलं नाही मला.

रजा होती चाळीस दिवसांची. बाराव्या दिवशी परत आले. एवढंसं तोंड झालं होतं. या वेळी मात्र मी दार उघडलं, हाताला धरून आत बसवलं आणि चहा टाकला. "भेटले का गावातले?"

"भेटले. सत्कार केला."

"काय?"

"शाल, नारळ. दुबईवाले विष्णू सकपाळ म्हणून. हा माझा दुसरा सत्कार." देवळात सगळे जमले होते. यांनी शाल अंगावर असतानाच उभं राहून सांगितलं, ते मासे काळूने नाही मारले, मी मारले.  मग एक म्हातारा हसला. म्हणाला, "अरे विष्णू, तीस वर्षं झाली त्याला. मासे परत आलेत, देवीनं आणले. आता ते उकरून काय करायचं? तू आपला सभामंडपाच्या वर्गणीचं बघ." दुसरा म्हणाला, "कातकरी नाहीतरी गेलेच असते. ते कुठे एका जागी राहतात?" आणि मग सभामंडपाला फरशी कुठली घालावी यावर चर्चा सुरू झाली. दुबईला कुठली घालतात, असं यांनाच विचारलं.

"मला वाटलं होतं, मारतील," सकपाळ म्हणाले. "निदान एखादा थुंकेल."

 मी म्हटलं, "मेल्यांना लाज नाही." ते माझं मलाच ऐकू आलं आणि वडे आठवले.

मग त्यांनी काळूचा शोध घेतला. याला विचार, त्याला विचार करत पेणजवळच्या एका वीटभट्टीवर पोचले. काळू दोन वर्षांपूर्वीच गेला होता. त्याची बायको बुधी होती, म्हातारी, कच्च्या विटा उलटत होती. यांनी तिच्यासमोर मातीत बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात थांबले नाहीत. ओळ संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मंग आता आमी परत यायाचं का?"

सकपाळांनी कप खाली ठेवला. "वहिनी, यासाठी मी तयार नव्हतो. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला चाललं असतं. मी माफी मागायला गेलो होतो. ती घर मागत होती. आणि त्यांची झोपडी होती तिथं आता भक्तनिवास आहे. गावात जाऊन विचारलं तर म्हणाले, त्यांचा काही कागद आहे का?"

त्यांनी पासपोर्ट काढला. पासपोर्टात मुग्धाचा निकाल होता, घडीवर फाटत आलेला. तो त्यांनी टेबलावर पसरला.

मुग्धा तेवढ्यात शाळेतून आली. तिकडे शाळेचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, आता ती सहावीत होती. दप्तर टाकलं, फ्रीज उघडला. सकपाळ तिला म्हणाले, "वकीलसाहेब, शिक्षा भोगून आलो. पण निकाल अर्धाच राहिलाय. ती विचारतेय, परत येऊ का? काय सांगू तिला?" थट्टेचा सूर लावला होता, पण कागदावरचा हात उचलत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सगळ्या जगात ज्यांनी त्यांचं ऐकून घेऊन त्यांना दोषी म्हटलं, ती हीच तीन पोरं होती.

मुग्धा बाटलीतून पाणी प्यायली. कागदाकडे बघितलं. तिचा काही दोष नाही, तिच्या दप्तरात आता ज्वालामुखीचा प्रोजेक्ट होता.

"अंकल," ती म्हणाली, "दॅट प्रोजेक्ट इज ओव्हर."

आणि आत गेली.

सकपाळांनी तिच्या दाराकडे बघितलं. मग निकालाची घडी घातली, पासपोर्टात ठेवली, पासपोर्ट शर्टाच्या खिशात.

"खरंय," म्हणाले. "तिचा झाला."

मी ओट्याला टेकून उभी होते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय सांगितलं असतंत बुधीला, वहिनी?"

मला रडू येत होतं. संतापही आला होता, त्या गावाचा, त्या म्हाताऱ्याचा, स्वतःच्या पोरीचा, माझा. 

"अजून थोडा चहा घेता?" मी म्हटलं.

"अर्धा द्या," ते म्हणाले, आणि कप पुढे केला.